दाढ दुखायच्या आधी वाचा: दातांचा विमा कसा समजून घ्यायचा

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात मेडिक्लेमचे कागद माझ्याकडे येतात. पावसाळ्याच्या सुमारास नवीन मुलं रुजू होतात. कुणी साताऱ्याचं, कुणी नांदेडचं, पहिलीच नोकरी, घणसोलीत किंवा कळव्यात चौघांत एक खोली. दोन-तीन महिन्यांत त्यांच्यातलं कुणीतरी गालाला रुमाल लावून माझ्या टेबलापाशी येतं आणि विचारतं, "ताई, आपल्या मेडिक्लेममध्ये आरसीटी बसते का?"

आरसीटी म्हणजे रूट कॅनाल. हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. उपचार निम्मा झालेला, पैसे रोख दिलेले आणि हातात डॉक्टरांच्या लेटरहेडवर पेनाने लिहिलेली एक ओळ. मग मला "बसत नाही रे" म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना दर वेळी वाईट वाटतं. कारण त्यातल्या काहींचा क्लेम बसला असता. त्यांना वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून जे टेबलापाशी उभं राहून पाच मिनिटांत सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: 'ओपीडी' हा शब्द पक्का समजून घ्या

आपल्याकडे दातांचा विमा म्हणून स्वतंत्र पॉलिसी क्वचितच मिळते. तो आरोग्य विम्याच्या पोटात असतो. तिथेही 'दात' या शब्दापेक्षा 'ओपीडी' या शब्दावर सगळं ठरतं.

इर्डाई, म्हणजे विमा नियामक, यांनी सगळ्या कंपन्यांसाठी काही व्याख्या एकसारख्या ठरवून दिल्या आहेत. त्यात 'डेंटल ट्रीटमेंट' म्हणजे दात आणि दातांना आधार देणारे भाग यांच्यावरचे उपचार. तपासणी, दात भरणं, कॅप बसवणं, दात काढणं, शस्त्रक्रिया हे सगळं त्यात येतं. व्याख्या वाचली की माणसाला वाटतं, सगळं आहे की! पण व्याख्येत नाव असणं वेगळं आणि त्याचे पैसे मिळणं वेगळं.

साधा आरोग्य विमा उभा आहे तो ॲडमिट होण्यावर. निदान २४ तास हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागतं. दातांच्या डॉक्टरांकडे आपण खुर्चीत बसतो, तासाभराने उठतो आणि रिक्षाने घरी येतो. विम्याच्या भाषेत हे ओपीडी, आणि मूळ पॉलिसीत ओपीडी नसते.

इथे हुशार मुलं डे-केअरचा मुद्दा काढतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया २४ तासांच्या आत होते तरी चालते, मग भूल देऊन केलेली आरसीटी का नाही? प्रश्न रास्त आहे. डे-केअरच्या व्याख्येत भूल पूर्ण असो वा तेवढ्या जागेपुरती, दोन्ही चालतात. पण त्याच व्याख्येच्या शेवटी एक वाक्य आहे: जे उपचार एरवी ओपीडीतच केले जातात, ते डे-केअर धरले जात नाहीत. आरसीटी, फिलिंग, साधी दाढ काढणं हे सगळं त्या एका वाक्यात अडकतं. जबड्यात आडवी रुतलेली अक्कलदाढ हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात, पूर्ण भूल देऊन काढावी लागली तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे आधी लेखी विचारून ठेवा, उत्तर कधीकधी 'हो' येतं.

दुसरी पायरी: तुमच्याकडे नेमकं काय आहे ते शोधा

पॉलिसीची पीडीएफ उघडा. सगळी वाचायची गरज नाही. 'डेंटल', 'ओपीडी' आणि 'कॉस्मेटिक' हे तीन शब्द शोधा आणि जिथे सापडतील तो पूर्ण परिच्छेद वाचा. इंग्रजी अंगावर येत असेल तर ग्राहक माहिती पत्रक मागा. सीआयएस म्हणतात त्याला. जानेवारी २०२४ पासून ते नव्या सोप्या नमुन्यात द्यावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर स्थानिक भाषेतही द्यावं लागतं. म्हणजे ते मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागत कुणी नाही. तुम्ही मागा.

आता तुमच्यापाशी यांपैकी काय असू शकतं, ते बघू.

कंपनीकडून मिळालेला गट विमा असेल, तर आधी एचआरला विचारा की त्यात ओपीडी जोडलेली आहे का. बऱ्याच ठिकाणी ती ऐच्छिक असते आणि ती घेण्याची खिडकी वर्षातून एकदाच, नूतनीकरणाच्या वेळी किंवा रुजू होताना, काही दिवसांसाठी उघडते. त्या दिवसांत आलेला ईमेल लोक न वाचता बाजूला सारतात आणि मग वर्षभर थांबावं लागतं. आणखी एक: नोकरी सुटली की हे संरक्षण सुटतं. नोटीस पीरियडमध्ये असाल आणि दाताचं काम पडून असेल, तर ते शेवटच्या दिवसाच्या आत करून घ्या.

स्वतः घेतलेली पॉलिसी असेल तर ओपीडीचा रायडर, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचं जोड-संरक्षण, जोडलाय का ते बघा. नसेल तर दातांसाठी तुमच्याकडे फक्त दाखल होऊन केलेले उपचार आहेत. १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेली 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी बरेच जण पहिली पॉलिसी म्हणून घेतात. तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे करावे लागलेले दातांचे उपचार आहेत, पण तेही दाखल झाल्यावरच, आणि ५ टक्के तुमच्या खिशातून.

पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगाराच्या स्लिपवर ईएसआयची ०.७५ टक्के कपात दिसत असेल, तर तुमच्याकडे दातांसाठी बहुतेक मेडिक्लेमपेक्षा चांगली सोय आहे आणि तुम्हाला ती माहीत नाही, अशी दाट शक्यता आहे. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, आणि तिच्यात दातांचे उपचार धरलेले आहेत. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कितीतरी कामगारांकडे हे कार्ड असतं आणि तरीही ते नाक्यावरच्या क्लिनिकमध्ये रोख पैसे भरून येतात. आधी तुमच्या नावावर लागलेल्या डिस्पेन्सरीत जा आणि तिथून चिठ्ठी घेऊन पुढे जा. वागळे इस्टेट आणि वाशीला ईएसआयची रुग्णालयं आहेत. रांग असते, वेळ जातो, हे खरं. पण दर महिन्याला तुमच्या पगारातून पैसे जातात ते याच सेवेसाठी.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत जबड्याचं हाड मोडणं यांसारख्या मोठ्या शस्त्रक्रिया बसतात. दात साफ करणं, भरणं, कॅप यांसाठी तिथे जाऊ नका.

राहता राहिलं 'डेंटल कार्ड'. मोठ्या क्लिनिकची किंवा ॲपची वार्षिक मेंबरशिप असते: अमुक रुपये भरा, वर्षभर तपासणी मोफत, उपचारांवर सूट. विकणारा बोलता बोलता त्याला 'डेंटल इन्शुरन्स' म्हणून जातो. तो विमा नव्हे. खऱ्या विम्याच्या प्रत्येक योजनेला इर्डाईने दिलेला यूआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो. तो नसेल तर ते सवलतीचं कार्ड आहे. सवलत चांगली असूही शकते, पण वाद झाला तर विमा लोकपाल तुमची तक्रार ऐकणार नाहीत. ग्राहक आयोगात जावं लागेल. पैसे भरायच्या आधी सूट कोणत्या दरावर मिळते ते विचारा. तीच आरसीटी शेजारच्या गल्लीत सूट न देता तेवढ्यातच होत असेल, तर कार्डाचा उपयोग काय?

तिसरी पायरी: आकडे मांडून बघा

रायडर घ्यावा की नाही, हे कागदावर गणित केल्याशिवाय ठरवू नका. मी मुलांना वहीच्या पाठच्या पानावर करायला लावते.

समजा, ओपीडी रायडरसाठी वर्षाला ४,००० रुपये जादा पडतात. ओपीडीची मर्यादा १५,०००, पण त्यात दातांसाठी सब-लिमिट, म्हणजे आतली वेगळी मर्यादा, ५,००० आणि को-पे, म्हणजे तुम्ही स्वतः भरायचा वाटा, २० टक्के. तुमची आरसीटी आणि कॅप मिळून बिल झालं १२,०००. तुम्हाला किती मिळणार?

यावर दोन उत्तरं आहेत. को-पे आधी बिलावर लावला तर १२,००० मधून २,४०० गेले, उरले ९,६००, आणि सब-लिमिटमुळे हाती आले ५,०००. पण को-पे देय रकमेवर लावला तर आधी सब-लिमिटने ५,००० केले, त्यातून १,००० गेले, हाती आले ४,०००. पॉलिसी तीच, बिल तेच, फरक हजाराचा. म्हणून घेतानाच विचारा: "आधी सब-लिमिट लावता की आधी को-पे?" एजंटला सांगता आलं नाही तर कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसऱ्या रीतीने हिशेब झाला, तर वर्षाला ४,००० भरून दातांसाठी जास्तीत जास्त ४,००० परत. तेही त्या वर्षी दात बिघडला तर. नुसत्या दातांसाठी असा रायडर मी कुणालाच घ्यायला सांगत नाही. पण त्याच मर्यादेत डॉक्टरांची फी, औषधं, रक्ततपासण्या येत असतील, घरात मधुमेहाचे आई-वडील असतील आणि तेही त्याच रायडरमध्ये असतील, तर गणित फिरतं. त्या घरात वर्षाचा ओपीडी खर्च तसाही होतोच.

मर्यादा माणशी आहे की अख्ख्या कुटुंबाची मिळून, हेही याच वेळी बघा. फॅमिली फ्लोटरमध्ये चौघांत मिळून ५,००० असतील तर एकाच्या दाढेत संपतात.

वेटिंगचं काय? पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. एप्रिल २०२४ च्या आधी तो ४८ महिने होता. ओपीडी किंवा डेंटल रायडरचं स्वतःचं वेगळं वेटिंग असू शकतं. म्हणून दाढ ठणकायला लागल्यावर रायडर घेऊन उपयोग होत नाही. आणि प्रस्तावाच्या फॉर्मवर मधुमेह लपवू नका. हिरड्यांच्या आजाराचा आणि साखरेचा जवळचा संबंध आहे. दाताच्या क्लेमसोबत लावलेल्या रक्ताच्या रिपोर्टवर साखर दिसते आणि तिथून पुढे सगळ्या पॉलिसीवर प्रश्नचिन्ह लागू शकतं.

काय बसणार नाही, हेही स्वच्छ समजून घ्या. दात पांढरे करणं, व्हिनियर, दिसण्यासाठी केलेलं कुठलंही काम कॉस्मेटिक म्हणून बाहेर. तारा लावणं, इम्प्लांट, कवळी हेही बहुतेक ठिकाणी बाहेर, रायडर असला तरी. जिथे आहे तिथे अटी बारीक अक्षरात असतात.

हप्त्याबद्दल एक चांगली गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला आहे. जुन्या कोटेशनवर जीएसटी धरलेला असेल तर नवं मागा.

अपघात झाला तर काय करायचं

हे मी पायऱ्यांच्या क्रमाबाहेर सांगते आहे, कारण हे आमच्या घरात घडलं.

बाबा स्कूटरवरून कापूरबावडीकडून घरी येत होते. पाऊस, घोडबंदर रोडवरचा पाण्याने भरलेला खड्डा, पुढचं चाक आत गेलं. वरचे पुढचे दोन दात अर्धे तुटले, ओठ फाटला. आम्ही त्यांना सरळ ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दात तुटलेत म्हणजे दातांचे डॉक्टर, एवढंच डोक्यात. त्यांनी फार मायेने सगळं केलं. पुढे दोन महिने उपचार चालले. मी क्लेम टाकला. माझं कामच हे, त्यामुळे मला खात्री होती की अपघात आहे म्हणजे होणारच. तीन आठवड्यांनी पत्र आलं: ओपीडी दंतोपचार, पॉलिसीत समाविष्ट नाही. आमच्याकडे अपघाताचा एकही वैद्यकीय कागद नव्हता. ना कॅज्युअल्टीचा, ना डोक्याला मार लागलाय का हे बघितल्याचा. बाबांनी हेल्मेट घातलं होतं म्हणून बरं. नाहीतर विम्याच्या आधी दुसऱ्याच गोष्टीचा पश्चात्ताप करावा लागला असता.

म्हणून सांगते: तोंडावर पडलात तर आधी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. डोकं आणि जबडा तपासून घ्या. केसपेपरवर 'अपघात', तारीख, वेळ आणि कोणते दात, हे लिहून घ्या. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं तर व्हा. सांगितलं नाही तर विम्यासाठी खोटं दाखल होऊ नका, ते फसवणुकीत मोडतं. काही पॉलिसींमध्ये अपघाती इजेसाठी नैसर्गिक, शाबूत दातांचे उपचार दाखल न होताही धरलेले असतात. तिथे हा केसपेपर हाच पुरावा. दाखल झालात तर आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचा संबंधित खर्चही मागता येतो. आरोग्य संजीवनीत दाखल होण्याआधीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरतात.

विम्याशी संबंध नाही, पण सांगायलाच हवं. मोठ्या माणसाचा पक्का दात मुळासकट निखळून पडला तर तो वरच्या पांढऱ्या बाजूने उचला, मूळ घासू नका, थंड दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत पोहोचा. तो पुन्हा बसू शकतो.

तोंडाचा आजार आणि दाताचा आजार एक नव्हे

तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणं, हे घेऊन लोक दातांच्या डॉक्टरांकडे जातात आणि 'डेंटल बसत नाही' असं ऐकलेलं असल्यामुळे विम्याचा विचारच सोडून देतात. हे चूक आहे. तोंडाचा कर्करोग विम्यात कर्करोगच असतो. त्याची शस्त्रक्रिया, दाखल होऊन केलेले उपचार, केमो, रेडिएशन हे तुमच्या नेहमीच्या पॉलिसीत येतं, वेटिंगच्या नियमांनुसार. दातांच्या सब-लिमिटशी त्याचा संबंध नाही. दोन-तीन आठवडे जखम भरली नाही तर तपासणी लांबवू नका. खारघरला टाटा स्मारकचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, आपल्या भागातून परळला जाण्यापेक्षा जवळ.

चौथी पायरी: उपचाराच्या दिवशीच कागद गोळा करा

माझ्याकडे सगळ्यात जास्त क्लेम अडकतात ते इथे. मघाशी म्हटलेली ती पेनाने लिहिलेली ओळ अशी असते: 'आरसीटी + कॅप — १४,००० — पेड'. खाली अर्धवट सही. तारीख नाही, रुग्णाचं आडनाव नाही, कोणता दात ते नाही. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, माणसाने हे बघून काय करायचं?

तुमच्या बिलावर पॉलिसीतलं पूर्ण नाव हवं, जसंच्या तसं. पॉलिसीत 'सुवर्णा' आणि बिलावर 'स्वाती' असं माहेर-सासरच्या नावांमुळे झालेलं मी पाहिलंय. पावतीला क्रमांक हवा. प्रत्येक बैठकीची तारीख आणि प्रत्येक कामाची रक्कम वेगळी हवी: एक्स-रे इतके, आरसीटी इतके, कॅप इतके. रक्कम एकत्र लिहिली आणि कॅप पॉलिसीत बसत नसेल, तर आरसीटीचेही पैसे अडकतात. डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि पूर्ण सही हवी.

आणि दाताचा क्रमांक हवा. ही पद्धत एकदा समजली की तुम्ही स्वतःच कागद तपासू शकता. तोंडाचे चार भाग धरतात, रुग्णाच्या बाजूने. वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक भागात पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत १ ते ८. म्हणजे ३६ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, ४८ म्हणजे खालच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ. आमच्या एका मुलाच्या चिठ्ठीवर ३६ होतं आणि बिलावर ४६. दाढ खालची पहिली मोठी, दोन्हीकडे तीच, फक्त बाजू बदलली. क्वेरी आली, डॉक्टर गावाला गेलेले, दुरुस्त कागद मिळेपर्यंत महिना गेला. क्लिनिकमधून उठायच्या आधी सगळ्या कागदांवरचा आकडा एकच आहे का, एवढं बघा.

उपचाराच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही एक्स-रे मागा. हल्ली छोटी फिल्म देत नाहीत, चित्र डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर असतं. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर मागून घ्या, त्यावर नाव आणि तारीख दिसत असल्याची खात्री करून. सहा महिन्यांनी ते मिळेलच असं नाही. पैसे रोख देऊ नका, यूपीआयने क्लिनिकच्या खात्यावर द्या, म्हणजे बिल आणि व्यवहार जुळतात.

क्लेम टाकायची मुदत प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. शेवटच्या बैठकीपर्यंत थांबायचं की प्रत्येक बिल वेगळं टाकायचं, हे सुरुवातीलाच विचारा. आरसीटीच्या बैठका पॉलिसीच्या वर्षअखेरीला पडत असतील, तर जुन्या वर्षातलं काम जुन्या मर्यादेत आणि नवीन वर्षातली कॅप नव्या मर्यादेत, असं होऊ शकतं. डॉक्टरांना विचारा, वैद्यकीयदृष्ट्या चालत असेल तर चांगलंच. पण आरसीटी केलेली दाढ कॅपविना महिनोन्महिने ठेवली तर फुटते, आणि तारखा पुढेमागे टाकून घेतल्या तर क्लेम बाद होतो. दोन्ही करू नका.

विम्यात नसेल तर

तर दात तसाच ठेवायचा का? नाही. आपला भाग या बाबतीत नशीबवान आहे. ट्रान्स-हार्बर आणि हार्बर लाइनच्या आसपास पाच दंत महाविद्यालयं आहेत: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम. विद्यार्थी डॉक्टर उपचार करतात आणि शिकवणारे डॉक्टर प्रत्येक टप्पा तपासतात. खासगी क्लिनिकपेक्षा खर्च कमी येतो. पण एका खेपेत काम होत नाही. अर्धा दिवस मोडतो, चार-पाच खेपा होतात. शिफ्टची नोकरी असेल तर सकाळी केसपेपर काढून पुढच्या तारखा तुमच्या सुट्टीप्रमाणे मागून घ्या, ऐकतात. मुंबईला जाणं जमत असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहेच.

इंटरनेटवर वाचलेलं आणि इथलं

'डेंटल इन्शुरन्स' शोधलं की अमेरिकेची माहिती समोर येते आणि मुलं गोंधळतात. तिथे दातांचा विमा आरोग्य विम्यापासून वेगळाच विकला जातो. १००-८०-५० असा ढाचा सर्रास असतो: तपासणी आणि सफाईचे पूर्ण पैसे, फिलिंगसारख्या कामाचे ८० टक्के, कॅप-ब्रिजचे ५० टक्के. वर्षाची कमाल रक्कम साधारण १,००० ते २,००० डॉलर. यातलं काही इथे गृहीत धरू नका. मात्र मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांसाठी एक सूचना: प्रवास विम्यात दातांसाठी फक्त अचानक उठलेल्या कळेवरचा तातडीचा उपचार असतो आणि त्याची मर्यादा लहान असते. हलणारा दात, सैल कॅप, अर्धी राहिलेली आरसीटी, सगळं इथे उरकून मगच विमानात बसवा.

क्लेम नाकारला तर

आधी नाकारण्याचं कारण लेखी घ्या आणि त्यात पॉलिसीचं कोणतं कलम दिलंय ते बघा. ते कलम स्वतः काढून वाचा. कित्येकदा नाकारलेलं नसतं, कागद कमी म्हणून फाइल बंद केलेली असते. ती पूर्ण करून पुन्हा उघडता येते.

कलम चुकीचं लावलंय असं वाटलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. इर्डाईच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. यासाठी आता सांताक्रूझला जावं लागत नाही. ठाणे, पालघर, रायगड जिल्हे आणि नवी मुंबई यांच्यासाठी ठाण्यात स्वतंत्र कार्यालय आहे, ठाणे पश्चिमेला वसंतराव नाईक महामार्गावर, म्हणजे आपल्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, जीवन चिंतामणी इमारतीत. फी नाही, वकील लागत नाही, गट विम्यातल्या माणसालाही जाता येतं. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

बाबांचं पत्र आलं तेव्हा मीही लोकपालांकडे जायचं ठरवलं होतं. पॉलिसी पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की कंपनी कलमाला धरूनच वागली होती, कागद आमच्याकडेच नव्हता. त्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी दोन पॉलिसी शेजारी ठेवून अपघाती दंतोपचाराचं कलम ओळ-ओळ वाचलं आणि पॉलिसी पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या विमा कंपनीकडे नेली. पोर्ट करायचं असेल तर नूतनीकरणाच्या तारखेआधी ६० ते ४५ दिवसांच्या दरम्यान अर्ज द्यावा लागतो. ती तारीख आजच मोबाइलमध्ये लावून ठेवा.